नॉकडाउन कपाट: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

दोन दारांचं, सहा फुटी, वॉलनट रंगाचं नॉकडाउन, म्हणजे सुट्या फळ्या आणून घरी जोडायचं, कपाट ऑनलाइन आठ-नऊ हजारांतही दिसतं आणि वीस-बावीस हजारांतही. फोटोत दोन्ही सारखीच, कारण वॉलनट म्हणजे दोन्हींवर छापील कागदच असतो. भावातला फरक फोटोत न येणाऱ्या जागी आहे: बोर्डाची जाडी, कडांवरची पट्टी, मागचं पान (पाठीची पातळ शीट) आणि जोडाचं हार्डवेअर. यातली जाडी कपाट घरी आल्यावर बदलता येत नाही. बाकीचं बरंचसं हजारभर रुपयांत आणि एका दुपारच्या कामात सुधारतं. म्हणून जाडी बघून पैसे द्यायचे, दिसण्याचे पैसे वाचवायचे आणि राहिलेल्या कच्च्या जागा स्वतः पक्क्या करायच्या, हा माझा हिशेब.

आधी बोर्ड. वर्णनात नुसतं ‘इंजिनीअर्ड वूड’ लिहिलं असेल तर पार्टिकल बोर्ड धरून चाला. लाकडाचा चुरा रेझिनमध्ये (चिकटवणाऱ्या रसायनात) दाबून केलेला बोर्ड आणि त्यावर मेलामाइनचा कागद; बाजारात याला प्रीलॅम म्हणतात. याला नाक मुरडायचं कारण नाही. कोरड्या खोलीत, नीट जाडीचा प्रीलॅम वर्षानुवर्षं टिकतो. एमडीएफ बारीक तंतूंचा, गुळगुळीत, म्हणून कोरीव नक्षीची दारं त्यात होतात. पण पाणी लागलं की तोही फुगतो. एचडीएचएमआर जास्त दाबलेला, घनमीटरला साडेआठशे किलोच्या आसपास, दमट हवेला बराच दाद न देणारा आणि अर्थातच महाग. प्लायवुडमध्ये घरगुती वापराचं आयएस (भारतीय मानक) ३०३ आणि मरीन म्हणून विकलं जाणारं आयएस ७१०. बोर्ड आतून हिरवा आहे हे विक्रेते कौतुकाने दाखवतात. तो हिरवेपणा ओळखीसाठी घातलेला रंग असतो, त्याने पाणी अडत नाही. पाणी अडतं ते रेझिनने, आणि रेझिन डोळ्यांना दिसत नाही.

आता जाडी. पुष्कळ ठिकाणी ती लिहिलेलीच नसते, पण वजन लिहिलेलं असतं आणि वजनावरून जाडी काढता येते. पार्टिकल बोर्डाचा एक चौरस मीटर १८ मिमीला साधारण १२ किलो भरतो, १५ मिमीला १०, १२ मिमीला ८. समजा कपाट १८०० मिमी उंच, ८०० रुंद, ५०० खोल आहे. दोन बाजू १.८ चौरस मीटर, वर-खालच्या फळ्या ०.८, दारं १.४४, मधली उभी फळी ०.८६ आणि चार लहान कप्पे मिळून ०.७. बेरीज ५.६ चौरस मीटर. मागचं पान आणि हार्डवेअर यांचे सहा किलो धरले तर १८ मिमीचं कपाट ७३ किलोच्या आसपास असायला हवं, १५ मिमीचं ६२, आणि १२ मिमीचं ५१. वर्णनात ‘१८ मिमी’ आणि वजन ५५ किलो असं दोन्ही लिहिलेलं असेल तर १८ मिमी फक्त दारं किंवा फक्त वरची फळी असणार. हे फसवणुकीत मोडतं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा पुढचं कपाट बघावं. उलट वजन हिशेबापेक्षा जास्त निघालं तर बोर्ड एमडीएफ किंवा एचडीएचएमआर असू शकतो, विचारून घ्या.

काही कंपन्या मात्र प्रत्येक भागाचं साहित्य वेगवेगळं लिहितात. आयकियाच्या पानावर बाजू कशाची, पाठ कशाची, वर मेलामाइन आहे की नुसता कागदी फॉइल, हे वाचायला मिळतं. त्यांचं लॅक टेबल इतकं हलकं का, तर आत मधाच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी भरलेली असते, हेही तिथे लिहिलेलं आहे. टीपॉय म्हणून ते उत्तम. त्यावर चढून पंखा पुसायचा नाही. २०२० च्या डिसेंबरात त्यांचं तुर्भ्याचं दुकान उघडल्यापासून मुंबई-ठाण्याकडच्यांना वस्तू उघडून, मागून-खालून बघायची सोय झाली आहे. दुसरीकडून घ्यायचं असलं तरी जाडी म्हणजे काय हे हाताला कळण्यासाठी अशा दुकानात एक चक्कर मारावी.

पुस्तकांच्या शेल्फात जाडीपेक्षाही फळीची लांबी महत्त्वाची. सारखा भार असेल तर फळीची वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढते आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने कमी होते. ३०० मिमी खोल, १८ मिमी जाड पार्टिकल बोर्डाची फळी घ्या आणि त्यावर मीटरला ३० किलोने पुस्तकं भरा. फळी ६०० मिमी लांब असेल तर मधोमध पावणेदोन मिमी वाकते, डोळ्याला कळतही नाही. ९०० मिमी असेल तर जवळजवळ ९ मिमी. ही पहिल्या दिवसाची गोष्ट झाली. पार्टिकल बोर्ड भाराखाली महिनोन्महिने हळूहळू आणखी खाली येत राहतो आणि पुस्तकं काढली तरी पूर्ण सरळ होत नाही. तीन फुटी कप्पा घ्यायचाच असेल तर २५ मिमी जाडीचा घ्या, वाक अडीच पटीहून अधिक कमी होते. नाहीतर फळीच्या मागच्या कडेखाली ४० बाय २० मिमीची लाकडी पट्टी उभी धरून स्क्रूने बसवा. सुताराच्या वखारीत ती कापून मिळते आणि पुढून दिसतही नाही. फळी मागच्या पानाला खिळवण्याचाही उपयोग होतो, पण पान ३ मिमीचं हार्डबोर्ड असेल तर त्यावर फार भरवसा नको.

आता पाणी, कारण आपल्याकडे नॉकडाउन फर्निचर सगळ्यात जास्त मरतं ते पाण्याने. तेही गळतीने किंवा पुराने नव्हे, तर रोजच्या लादी पुसण्याने. कपाटाच्या बाजूची फळी थेट फरशीवर टेकलेली असते. तिची पुढची कड पट्टी लावून सजवलेली, पण खालची कड बहुतेक वेळा उघडी, कारण ती कुणाला दिसत नाही. ओलं फडकं रोज तिथे घासलं जातं आणि चुरा पाणी शोषतो. वर्ष-दोन वर्षांत खालचे दोन इंच फुगून बाहेर येतात, कागद सुटतो, आणि तिथेच बुडाच्या फळीचा जोड असतो, तो ढिला होतो. एकदा फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळवला तरी मूळ जाडीवर येत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही.

हे टाळणं फार स्वस्त आहे. जोडणीच्या आधी सगळ्या फळ्या जमिनीवर मांडून कडांवरून बोट फिरवा. जिथे खरखरीत लागेल ती कड उघडी. तिथे ऑइल पेंटचे दोन हात द्या, पहिला हात चुरा पिऊन टाकेल म्हणून दुसरा लागतोच. रंग कुठलाही चालतो, ती बाजू खाली किंवा मागे जाणार आहे. साधा पांढरा फेविकॉल यासाठी वापरू नका, तो पाण्याने मऊ पडतो. मग बुडाखाली पीव्हीसीचे पाय बसवा, दोन ते चार इंच उंचीचे, आटे फिरवून वर-खाली होणारे. चार कोपऱ्यांना चार, आणि रुंदी तीन फुटांच्या वर असेल तर मध्ये आणखी एक जोडी. एक बारकावा: पाय बुडाच्या फळीला लावले आणि बाजूच्या फळ्या लटकत राहिल्या तर सगळा भार जोडांवर येतो. म्हणून पायाचं ताट असं बसवा की त्याचा काठ बाजूच्या फळीच्याही खाली येईल. बुडाची फळी बाजूंच्या वर थोडी चढवून बसवलेली असेल आणि पाय लावणं जमत नसेल, तर निदान बाजूंच्या कडांखाली ३-४ मिमीच्या रबराच्या पट्ट्या चिकटवा.

दिसणाऱ्या कडांची पट्टी ०.८ मिमी पीव्हीसी असेल तर कपाटाला ठीक. टेबलाला २ मिमी हवी, कारण तिथे मनगट आणि खुर्ची दोन्ही आदळतात. कागदासारखी पातळ, इस्त्रीने चिकटवलेली पट्टी नखाने उचलली जाते. दुकानात असाल तर कोपऱ्यावर नख लावून बघाच, विक्रेता रागावला तर रागावू दे. फोटोंवरून घेत असाल तर ग्राहकांनी टाकलेले जुने फोटो शोधा, पहिल्या आठवड्यातले नकोत. पावसाळा बघितलेल्या कपाटाचे फोटो बघायचे, त्यातही खालचे कोपरे आणि दारांच्या खालच्या कडा.

जोडाचं हार्डवेअर. बहुतेक नॉकडाउन कपाटांत मिनिफिक्स असतो: एका फळीत बोल्ट, दुसऱ्या फळीत १५ मिमी व्यासाची गोल चकती, जी फिरवली की बोल्टला पकडून आवळते, आणि जोडीला ८ मिमीच्या लाकडी खुंट्या. भार खुंट्या घेतात, मिनिफिक्स नुसता दोन फळ्या आवळून धरतो. हे लक्षात घेतलं की स्वस्त मालातली काटकसर ओळखता येते: ५०० मिमी खोल फळीला दोन मिनिफिक्स आणि दोन खुंट्या हव्यात, तिथे नुसते दोन मिनिफिक्स असले की कपाट हलवल्यावर कुरकुरतं. जोडणीचं चित्रपत्रक विकत घेण्याआधी मागा किंवा साइटवर शोधा, त्यात खुंट्या मोजता येतात. चकती धातूची हवी. प्लास्टिकची दुसऱ्यांदा उघडताना चिरते. कन्फर्मॅट स्क्रू, म्हणजे ७ बाय ५० मिमीचे जाड आट्यांचे, अ‍ॅलन कीने बसणारे, हे आवळायला आणखी घट्ट, पण बाहेरून टोपी दिसते आणि वारंवार खोलण्यासाठी ते नाहीत. सगळ्यात कच्चा प्रकार म्हणजे बोर्डाच्या कडेत थेट साधा लाकडी स्क्रू. पार्टिकल बोर्डात स्क्रूची पकड पृष्ठभागात जेमतेम बरी असते, कडेत त्याहून कमी.

दारांना १८०० मिमी उंचीला चार बिजागऱ्या असाव्यात. तीन दिसल्या तर दार काही महिन्यांनी लोंबतं आणि मधली फट वरून खाली वाकडी दिसू लागते. ३५ मिमी कपच्या ऑटो हिंजला (आपोआप मिटणाऱ्या बिजागरीला) दोन-तीन दिशांना स्क्रू फिरवून दार सरळ करता येतं, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण बिजागरीचं भोकच फाटलं असेल तर ते फिरवण्याने सुधारत नाही. ड्रॉवरला पांढरे रोलर चॅनेल (ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या) आले असतील तर पुढे टेलिस्कोपिक, म्हणजे एकातून एक सरकणारे, बसवता येतात. दोन्हींना बाजूला साधारण साडेबारा मिमी जागा लागते, त्यामुळे ड्रॉवर तोच राहतो. जोडी घेताना फक्त लांबी जुळवा: १२, १४, १६ इंच वगैरे. म्हणून ड्रॉवरच्या चॅनेलवरून कपाट नाकारू नये. ड्रॉवरच्या तळाचं पान मात्र खाचेत बसलेलं हवं, खालून पिना मारलेलं नको.

मापाची गोष्ट थोडक्यात, पण पैसे बुडतात इथेच. कपाट आडवं जोडून उभं करायचं असेल तर त्याची उंची नव्हे, कर्ण मोजा. २१०० मिमी उंच, ५५० खोल कपाट उभं होताना २१७१ मिमी जागा मागतं. सात फुटांवर माळा असेल तर त्याखाली २१३४ मिमीच मिळतात. कपाट खोलीच्या मध्यभागी उभं करून मग सरकवावं लागेल, म्हणजे तेवढी मोकळी जमीन आहे का तेही बघा. दुसरं, भिंतीखालची स्कर्टिंग. ती दहा-बारा मिमी बाहेर असते, त्यामुळे कपाट भिंतीला कधीच पूर्ण टेकत नाही. ती फट राहू द्या. पावसाकडच्या बाहेरच्या भिंतीला तर मुद्दाम दोन इंच अंतर ठेवा, मागचं हार्डबोर्ड बुरशीपासून वाचतं. तिसरं पलंगाचं. युरोपीय मापाचा पलंग आतून १८० बाय २०० सेंमी असतो आणि आपली ७८ बाय ७२ इंची गादी १९८ बाय १८३ सेंमी भरते. तीन सेंमीने गादी बसत नाही, आणि मग नव्या गादीची किंमत पलंगात मिळवावी लागते.

पलंगात एकूणच स्वस्ताईच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. तिथे भार रोजचा, हलता, आणि मधोमध. पार्टिकल बोर्डाचा स्टोरेज पलंग घेण्यापेक्षा त्याच पैशांत साधा लोखंडी पलंग बरा, खाली ट्रंका सरकवा. घेतलाच तर मधल्या आडव्या पट्टीला जमिनीपर्यंत जाणारा पाय आहे का ते बघा. सिंकखालच्या कपाटाला पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ दोन्ही वर्ज्य. तिथे मरीन प्लाय लावून सुताराकडूनच करून घ्यावं. चपलांचं कपाट लोखंडी घ्या, जुलैतल्या ओल्या चपला कुठल्याच बोर्डाला सोसत नाहीत. टीव्हीचं युनिट, बाजूचं टेबल, मुलांचं अभ्यासाचं टेबल, कोरड्या खोलीतलं कपड्यांचं कपाट, इथे मात्र स्वस्त नॉकडाउन बिनदिक्कत चालतं.

आणि भाड्याच्या घराचा हिशेब वेगळा. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने कपाटाची किंमत वर्षांनी नाही, घरांनी भागावी. उदाहरणापुरतं, नऊ हजारांचं कपाट एका घरबदलीत खिळखिळं होणार असेल तर दोन घरांना साडेचार-साडेचार हजार पडले. अठरा हजारांचं, धातूच्या मिनिफिक्सचं, खुंट्यांना डिंक न लावता जोडलेलं कपाट चार वेळा खोललं-जोडलं गेलं, तर पाच घरांना छत्तीसशे. त्यात दर खेपेचे जोडणीवाल्याचे पैसे मिळवा. ते शहरागणिक बदलतात, आणि कपाट आठ-नऊ हजारांचं असेल तर त्या मानाने बरेच लागतात. सेकंडहँड घेताना हे उलटं वापरा: विकणाऱ्याला कपाट किती वेळा खोललंय ते विचारा, आणि चकत्या एकदा फिरवून बघा.

जोडणी स्वतः करायची तर ड्रिल मशीन बाजूला ठेवा. पार्टिकल बोर्डात मशीनने स्क्रू आवळला की आटे चुऱ्यालाच कापतात आणि स्क्रू जागेवर फिरत राहतो. हाताचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, रबरी हातोडी, मोजपट्टी पुरे. आधी पिशवीतले भाग पत्रकाशी मोजून घ्या आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. तुटलेल्या कोपऱ्याची तक्रार नंतर सिद्ध करणं अवघड जातं. मिनिफिक्सचा बोल्ट खांद्यापर्यंत पूर्ण बसवा. चकती पकडत नाही अशी तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा बोल्ट एक-दोन आटे बाहेर राहिलेला असतो. चकतीवरचा बाण फळीच्या कडेकडे ठेवून बोल्ट आत घाला आणि साधारण अर्धा वळसा फिरवा. पुढे जोर लावला की चकतीभोवतीचा बोर्ड फुटतो. सगळ्या चकत्या आधी सैल पकडा, चौकट पूर्ण झाली की मग आवळा.

मागचं पान मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. १८०० बाय ८०० च्या चौकटीत ते १९७० च्या आसपास येतील. आकडा काहीही असो, दोन्ही सारखे हवेत. दोन-तीन मिमीचा फरक चौकट दाबून काढा आणि त्याच अवस्थेत पान खिळवा. कपाट काटकोनात राहतं ते या पानामुळे, पातळ म्हणून त्याला दुय्यम समजू नये. कंपनीने दिलेले खिळे सहा-सात इंचांवर मारायला सांगितलेले असतील तर चार इंचांवर मारा, किंवा खिळ्यांऐवजी ३ बाय १६ मिमीचे स्क्रू वॉशरसकट लावा. नव्या बोर्डाला उग्र वास येतो तो रेझिनमधून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूचा. ई१ दर्जाच्या बोर्डाला कमी असतो. दारं-ड्रॉवर उघडे ठेवून आठवडाभर खोलीत वारा खेळू द्या, मग कपडे ठेवा, आणि लहान बाळाच्या खोलीत तर घाई करूच नका.

कमरेच्या वर उंच, ड्रॉवर असलेलं काहीही भिंतीला बांधायचंच. २०१६ मध्ये अमेरिकेत आयकियाने सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली, कारण उघड्या ड्रॉवरवर मुलं चढली की ती पुढे कोसळत होती आणि त्यात मुलं दगावली होती. दोन एल-पट्ट्या आणि चार स्क्रूंचं हे काम आहे. पण भिंत बघून प्लग निवडा: विटेच्या भिंतीला साधा प्लास्टिकचा रॉलप्लग चालतो, नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ठोकळ्यांत तो ओढला की बाहेर येतो, तिथे लांब, आटेदार नायलॉन प्लग लागतो. मायवानच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) काँक्रीट भिंतीला हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. स्कर्टिंगमुळे वर जी फट राहते तेवढ्या जाडीचा लाकडी तुकडा पट्टीच्या मागे ठेवा, नाहीतर आवळताना कपाट मागे कलतं.

घर बदलताना कपाट उभंच उचलून नेऊ देऊ नका. टेम्पोत चढवताना ते तिरपं झालं की सगळा पीळ मिनिफिक्सच्या भोकांवर येतो. दारं काढा, मागचं पान काढा, मग चकत्या उलट फिरवा, आणि फळ्यांवर मागच्या बाजूला पेन्सिलने क्रमांक घाला. नव्या घरी एखादं स्क्रूचं भोक ढिलं लागलं तर त्यात जाडा स्क्रू ठोसू नका. भोक ८ मिमी ड्रिलने मोठं करा, फेविकॉल लावलेली ८ मिमीची लाकडी खुंटी आत बसवा, २४ तास सुकू द्या, वर आलेला भाग कापून टाका आणि मधोमध नवं बारीक भोक पाडा, ४ मिमीच्या स्क्रूला अडीच-तीन मिमीचं. बिजागरीच्या भोकांनाही हेच. फुगलेल्या जागी मात्र खुंटीही धरत नाही. तिथे तेवढी फळीच वखारीतून त्याच मापात कापून आणावी लागते. जुनी फळी नमुन्याला सोबत न्या आणि भोकं तिच्यावरूनच आखून घ्या.